फॉरमॅट न मारता

आपल्याकडे कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला उपाय ठरलेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा येतो, दोन मिनिटं माऊस हलवून बघतो आणि म्हणतो, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." मग घरात एकच धावपळ! लग्नाचे फोटो, पोराचा प्रोजेक्ट, बाबांचे सोसायटीचे हिशेब, सगळं आधी कुठंतरी काढून ठेवा. तरी काहीतरी राहतंच, आणि ते नेमकं दोन महिन्यांनी आठवतं.

ही भीती फक्त आपलीच आहे असं मला वाटायचं. पण तसं नाही. मी जर्मनीत राहतो. आमच्या गावात महिन्यातून एकदा ‘रिपेअर कॅफे’ भरतो. ही कल्पना २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी सुरू केली आणि नंतर युरोपभर पसरली. लोक बंद पडलेले टोस्टर, रेडिओ, शिलाई मशिन घेऊन येतात आणि जाणकार मंडळी ते फुकटात दुरुस्त करून देतात. माझ्या टेबलावर जुने लॅपटॉप येतात. २०२५ पासून तर जरा जास्तच, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला चालतील इतकी नवी ही यंत्रं नाहीत. यंत्र धडधाकट, पण मालकाला सांगितलंय की आता नवीन घ्या. अशा यंत्रावर हलकी लिनक्स टाकून देतो म्हटलं, की सत्तरीच्या जर्मन आजीबाई पहिला प्रश्न विचारतात, "पण माझे फोटो जातील का?" काकांचा प्रश्न तोच, आजीबाईंचाही तोच!

आणि गंमत अशी की हलकी ऑपरेटिंग सिस्टिम कॉम्प्युटरवर टाकण्याच्या पद्धतींचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला शोधलेली उत्तरं आहेत. तोच आज सांगतो.

सुरुवात फ्लॉपीपासून. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जगासमोर ठेवली. तेव्हा ती चालवायला दोन फ्लॉप्या लागत. एक ‘बूट’, म्हणजे यंत्र जागं करणारी, आणि दुसरी ‘रूट’, म्हणजे बाकीचा संसार असलेली. हार्डडिस्कवर बसवायची तर सगळं हाताने. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग याने स्लॅकवेअर काढली, ती २४ फ्लॉप्यांची होती. ऑक्टोबर १९९४ च्या आवृत्तीपर्यंत त्या झाल्या ७३! एकेक घालायची, काढायची, पुढची घालायची. एकोणसाठावी खराब निघाली की बसा कपाळाला हात लावून.

त्यातही खरी परीक्षा वेगळीच होती. लिनक्सला हार्डडिस्कवर स्वतःची जागा, म्हणजे पार्टिशन हवं. घर तेवढंच आणि भाडेकरू नवा, म्हणजे मधे भिंत घालणं आलं. भिंत घालताना एक आकडा चुकला की डॉस आणि त्यातल्या फाइली गेल्याच. यावर त्या काळातही एक तोड निघाली होती, तिचं नाव युएमएसडॉस. डॉसच्याच पार्टिशनवर एक फोल्डर करायचा आणि त्यात लिनक्सने राहायचं, भिंत वगैरे काही नाही. वेग कमी, पण घर शाबूत. ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मग सीडी आली. पण सुरुवातीला सीडीवरून कॉम्प्युटर थेट सुरूच होत नसे, त्यासाठी आधी एक फ्लॉपी घालावी लागे. १९९५ साली फीनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल तोरितो’ नावाचा नियम ठरवला आणि बायॉसला सीडीवरून यंत्र उठवता येऊ लागलं. (नाव कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलावरून पडलं असं सांगतात. इंजिनिअर लोक जेवताना काम करतात ते असं.) भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी येत असे, ती आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. फोनवरच्या इंटरनेटच्या त्या काळात सहाशे एमबी उतरवून घेणं हे स्वप्नच होतं, त्यामुळे अंकापेक्षा सीडीलाच मागणी.

सीडीने फ्लॉप्यांची माळ संपवली, भीती मात्र संपवली नाही. ती संपवली इथल्याच एका माणसाने. क्लाउस क्नॉपर हा जर्मन विद्युत अभियंता. २००० साली त्याने ‘क्नॉपिक्स’ची पहिली आवृत्ती काढली. सीडी घाला, कॉम्प्युटर सुरू करा, आणि दोनेक मिनिटांत समोर पूर्ण डेस्कटॉप, तोही हार्डडिस्कला हात न लावता! सुमारे दोन जीबीचा मजकूर दाबून सातशे एमबीच्या सीडीवर बसवलेला आणि लागेल तेवढाच त्या क्षणी उलगडणारा. काम झालं, सीडी काढली, पुन्हा सुरू केलं, की आपली विंडोज जशीच्या तशी. यापूर्वीही सीडीवरून लिनक्स चालवण्याचे प्रयोग झाले होते, पण बहुतेक यंत्रांचे भाग आपले आपण ओळखून घेणारी आणि घरोघर पोचलेली ही पहिली म्हणता येईल. ‘आधी टाका, मग बघा’ याऐवजी ‘आधी बघा, वाटलं तर टाका’, हा बदल मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोठा वाटतो. पुढे क्नॉपरने अंध माणसांना ऐकून वापरता येईल असा डेस्कटॉपही त्यात घातला आणि त्याला दृष्टिहीन पत्नीचं, आड्रियानेचं, नाव दिलं.

आता हलकेपणाकडे वळू. अमेरिकेतल्या जॉन अँड्र्यूजने स्वतःला एक कोडं घातलं : पन्नास एमबीत किती कामाची सॉफ्टवेअर बसतील? क्नॉपिक्स कापून कापून त्याने ‘डॅम स्मॉल लिनक्स’ केली. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छोट्या सीडीवर ती मावायची आणि १६ एमबी रॅमच्या ४८६ यंत्रावरही चालायची.

जून २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी काउलरने ‘पपी लिनक्स’ काढली. हिची चाल वेगळी. सुरू होताना ती सगळीच्या सगळी रॅममध्ये जाऊन बसते, त्यामुळे जुन्या यंत्रावरही झटपट चालते. बंद करताना विचारते, "केलेलं काम कुठे ठेवू?" आणि सगळं एकाच फाइलीत बांधून ठेवते. हिला हार्डडिस्कवर बसवायचे दोन मार्ग आहेत. एक पूर्ण, म्हणजे स्वतःचं पार्टिशन घेऊन. दुसरा काटकसरीचा : मोजक्या तीन-चार फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी करायच्या, तोही विंडोजच्याच पार्टिशनवर. नको झाली, फोल्डर पुसला. ओळखलंत ना? युएमएसडॉसची जुनी युक्ती नव्या कपड्यांत! २००८ साली उबुंटूने ‘वुबी’ दिली, तीही याच जातीची. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम टाकावा तशी उबुंटू टाकायची आणि तशीच काढायची. २०१३ मध्ये ती बंद झाली.

पेन ड्राइव्ह स्वस्त झाले आणि सीडीही गेली. २०११ साली ‘रूफस’ आलं. सीडीची आयएसओ फाइल ते पेन ड्राइव्हवर अशी लिहितं की त्यावरून यंत्र सुरू होतं. २०२० च्या ‘व्हेंटॉय’ने तेही सोपं केलं. पेन ड्राइव्ह एकदा तयार करायचा आणि मग हव्या तेवढ्या आयएसओ फाइली त्यावर नुसत्या कॉपी करायच्या. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडा.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हलक्या सिस्टिमही आता जाड होत चालल्या आहेत. २०२४ मध्ये डॅम स्मॉल लिनक्स पुन्हा आली तेव्हा पन्नास एमबीचा हट्ट सोडून सातशे एमबीच्या सीडीत मावण्यावर समाधान मानावं लागलं, कारण आजचे ब्राउझरच तेवढे मोठे आहेत. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटच्या पीसींसाठी इन्स्टॉलर उरला नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचे दरवाजे एकेक करून बंद होताहेत. दहा-बारा वर्षांच्या ६४ बिट लॅपटॉपला मात्र अजून पुष्कळ आयुष्य आहे.

तेव्हा माळ्यावर किंवा कपाटात असा एखादा लॅपटॉप पडला असेल, तर भंगारात देण्याआधी एवढं करा. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा. पद्धत कितीही सुरक्षित असो, ही पायरी गाळू नका. मग पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मराठी टायपिंग तपासा. आठवडाभर तसंच वापरा. पटलं तरच हार्डडिस्कवर टाका, आणि टाकताना ‘सगळी डिस्क पुसा’ हा पर्याय समोर आला की थांबून दोनदा वाचा.

आणि दुकानातला मुलगा आलाच, तर त्याला विचारा, "फॉरमॅट न मारता काही होतं का रे?" त्याला माहीत नसेल, तर बसवा शेजारी आणि दाखवा. उद्या तो दहा घरांत दाखवेल.