हिवाळ्याची ताकद आणि भायखळ्याचा तुरुंग

मंडळी, आपल्या रत्नागिरीत थंडी ती केवढी! तरी डिसेंबर लागला की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कुळथाचं कढण सुरू होतं. हल्ली त्याच्या जोडीला मोबाइलवर 'इम्युनिटी वाढवा' म्हणून काढेही येतात. लाडवांवर माझा आक्षेप नाही. प्रश्न एवढाच, की लाडवाने येते ती ताकद आणि साथीत माणसाला वाचवते ती ताकद, एकच का?

चरकसंहितेत 'व्याधिक्षमत्व' असा शब्द आहे. आपला 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द लढाईतला वाटतो. क्षमत्वात सोसणंही आलं. सूत्रस्थानात म्हटलं आहे की सगळी शरीरं सारखी समर्थ नसतात. अतिस्थूल, अतिकृश, अपुरं खाणारी शरीरं रोगापुढे टिकत नाहीत. म्हणजे आहार आलाच. हेमंतात अग्नी प्रबळ असतो, तेव्हा स्निग्ध, पौष्टिक खावं, हेही तिथलंच.

पण विमानस्थानात अग्निवेश गुरूंना अडवतो. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग एकाच रोगाने अख्खा मुलूख एकदम कसा ओस पडतो? त्या ग्रंथातला हा मला फार प्रामाणिक प्रश्न वाटतो. आत्रेयांचं उत्तर असं, की हवा, पाणी, भूमी आणि काळ या गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात. त्या बिघडल्या की वैयक्तिक बळाचा हिशेब कोलमडतो. याला तिथे 'जनपदोद्ध्वंस' म्हटलं आहे.

आता १८९६च्या हिवाळ्याकडे येऊ. सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. थंडी पडली तसा रोग भडकला. मुंबईत त्याचा जोर दरसाल थंडीत नि त्यानंतरच्या महिन्यांत असायचा, कारण उंदरावरची पिसू कडक, कोरड्या उन्हाळ्यात तगत नाही. अर्थात पिसवांचा संबंध सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवला तो १८९८मध्ये, कराचीत. तोवर लोक वासाला, हवेला, सरकारला, नशिबाला दोष देत होते.

शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरण्यांत सर्वांत जास्त माणूस आपल्या जिल्ह्यातला, त्यात आजचा सिंधुदुर्गही आला. ही माणसं आगबोटीने घराकडे निघाली. गावची हवा, गावची पेज; ताकद भरून यायला आणखी काय हवं? पण त्यांच्याच वळकटीतून पिसूही प्रवास करू शकत होती. चरकाची 'सामाईक' गोष्ट आता बोटीत बसली होती!

ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत त्याने प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ला, संक्रांतीच्या तोंडावर, ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ गेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, दगावलं कोणी नाही.

तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला इथे जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धत आठवते. भाकरी तीच, आमटी तीच, कोठड्या त्याच, फरक सुईचा. (कैद्याच्या 'स्वेच्छेने'चा अर्थ काय, हा प्रश्न मात्र मी सोडणार नाही. शिवाय आकडेही लहान होते.) पौष्टिक आहाराने शरीर सावरतं, खरं आहे. पण या जंतूला ओळखायची सवय शरीराला लाडू लावत नाही, ती लस लावते.

लोक बिचकले, आणि सगळं काही अडाणीपणातून नाही. १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर आला, त्याचं पद गेलं. गावात बूच उघडताना चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, या बाजूचा पुरावा पुढे भक्कम ठरला. रोनाल्ड रॉससारखे लोक त्याच्यासाठी झगडले, तेव्हा १९०७मध्ये तो दोषमुक्त झाला. मुंबईतल्या त्याच्या प्रयोगशाळेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव मिळालं १९२५ साली. तेव्हा तो हयात होता, पण हिंदुस्थान सोडून त्याला दहा वर्षं झाली होती.