हॅश फलन कसे मोडते: एमडी५ आणि शा-१ यांचा इतिहास



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्यातले एखादे अक्षर कोणी बदलले, तर दगड खरवडल्याची खूण राहते. संगणकातल्या फाइलवर अशी खूण राहत नाही. म्हणून आपण फाइलचा हॅश काढतो, म्हणजे तिचा ठसा घेतो. फाइल कितीही मोठी असो, ठशाची लांबी ठरलेली असते. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पार बदलतो.

रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचलेल्या एमडी५चा ठसा १२८ बिटांचा आहे. फाइली अगणित आणि ठसे मर्यादित, त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींचा ठसा कुठेतरी सारखा येणारच. याला कोलिजन म्हणतात. वर्गात २३ जण असले, तरी कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्याच हिशेबाने एमडी५चे कोलिजन शोधायला सुमारे २ चा ६४ वा घात इतके प्रयत्न पडायला हवेत. अर्थात, रचना निर्दोष असेल तर.

ती तशी नव्हती. १९९६ मध्ये हान्स डोबर्टिन यांनी एमडी५च्या आतल्या संक्षेप फलनाचे कोलिजन दाखवले. इशारा मिळाला, पण वापर चालूच राहिला. २००४ मध्ये वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी पूर्ण एमडी५ची कोलिजन सादर केली. दोन संदेशांतला फरक प्रत्येक टप्प्यावर कसा सरकतो हे पाहून, तो शेवटी शून्य होईल असे संदेश त्यांनी निवडले. २००८ मध्ये संशोधकांनी याच दोषातून बनावट प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र बनवून दाखवले. २०१२ मध्ये उघड झालेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने तर मायक्रोसॉफ्टची सही वाटावी असे प्रमाणपत्र वापरले. शा-१चीही तीच गत झाली: २००५ मध्ये कागदावर दोष दिसला आणि २०१७ मध्ये सारख्या ठशाच्या दोन पीडीएफ फाइली प्रत्यक्ष समोर आल्या.

आता आपल्याकडे पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. त्यात शा-१, शा-२५६ आणि एमडी५ हे तिन्ही पर्याय छापलेले आहेत. दुसऱ्याने आधीच तयार केलेल्या फाइलशी जुळणारी वेगळी फाइल बनवणे एमडी५मध्येही अजून व्यवहारात जमलेले नाही. पण फाइल तयार करणाराच लबाड असेल, तर तो सारख्या ठशाची जोडी आधीच बनवून ठेवू शकतो. त्यातली कोणती फाइल खरी, हे मग ठसा सांगू शकत नाही.

उद्या असा नमुना तुमच्या हाती आला, तर शा-२५६समोर खूण करा.