दक्षिणा ते प्रतिपूर्ती : विद्यार्थिसाहाय्याच्या सुधारणेचा एक शब्देतिहास

विद्येस राजाश्रय असावा की नसावा, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा वादाचा कधीच नव्हता. वाद झाला तो साहाय्य कोणास द्यावे, कशासाठी द्यावे आणि केव्हा द्यावे, या तीन प्रश्नांचा. या साहाय्याची नावे दोन-अडीचशे वर्षांत वारंवार पालटली. ती क्रमाने पाहिली असता प्रत्येक सुधारणेने कोणत्या प्रश्नास हात घातला व कोणता तसाच ठेवला, हे ध्यानात येते.

पहिला शब्द 'दक्षिणा'. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस द्रव्य देण्याची तळेगावच्या दाभाड्यांची प्रथा, १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर, पेशव्यांनी पुण्यास चालविली. शास्त्र्यांकरवी योग्यता पाहून रक्कम ठरे. म्हणजे येथे गुणपरीक्षा होती. परंतु परीक्षेच्या दाराशी जातीचा पहारा होता. दक्षिणा हा मुळात यज्ञविधीतील शब्द. दान घेणाऱ्याच्या पात्रतेवर दात्याचे पुण्य अवलंबून, अशी त्यामागील कल्पना असल्यामुळे दारिद्र्याचा विचार त्यात गौण होता.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने ही प्रथा मोडली नाही. वार्षिक पन्नास हजार रुपयांपर्यंत ती मर्यादित केली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापन झालेल्या पाठशाळेकडे या निधीचा काही भाग वळला. खरा खटका उडाला तो १८४९ मध्ये. लोकहितवादींसारख्या सुधारकांनी दक्षिणेतील काही रक्कम मराठीतील उपयुक्त ग्रंथांच्या बक्षिसांसाठी द्यावी, असा अर्ज केला. पुण्यात मोठा क्षोभ झाला. त्या प्रसंगी जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी निघाली. पुढे महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकीच. 'दक्षिणा' या संस्कृत शब्दास फारसी 'बक्षीस' येऊन मिळाले, आणि 'कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर पालटले. धार्मिक दानाच्या जागी ग्रंथरचना व अध्ययन आले.

'कोणास' हा प्रश्न मात्र तसाच राहिला. जोतीरावांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीपुढे ठेवले; ते स्वीकारले गेले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवले. केवळ चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी ज्या वर्गांस विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच ती मिळते. सबब काही शिष्यवृत्त्या शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांसाठी असाव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. 'शिष्यवृत्ती' या शब्दातील 'वृत्ती'चा अर्थ निर्वाहाचे साधन. पारितोषिक यशानंतर मिळते. वृत्ती यशापूर्वी लागते. हा भेद जोतीरावांनी नेमका हेरला होता.

त्याचे फळ येण्यास साठ वर्षे लागली. सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या शासनाने वार्षिक बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस फी माफ केली. फीमाफीस शाळांतून 'नादारी' म्हणत. फारसी 'नादार' म्हणजे जवळ काही नसलेला. आता निकष जन्म किंवा चढाओढ एवढाच न राहता उत्पन्न हाही झाला. पुढे ही मर्यादा आठ लाखांपर्यंत आली, आणि २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत अशा कुटुंबांतील मुलींस संपूर्ण शुल्कसवलत मिळाली.

आजचा शब्द आहे 'प्रतिपूर्ती'. आधी झालेला खर्च नंतर भरून देणे, हा त्याचा अर्थ. आणि 'केव्हा' हा तिसरा प्रश्न याच उपसर्गात दडलेला आहे. प्रस्तुत लेखक राहतो त्या करंजाडे येथे विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कुटुंबेही वसली आहेत. तेथील एका विद्यार्थिनीचा अर्ज संगणकावर मंजूर दिसत होता. तथापि शुल्क भरल्यावाचून परीक्षेचा अर्ज घेण्यास तिच्या महाविद्यालयाची तयारी नव्हती. आईची बोरमाळ गहाण पडली. रक्कम पुढील वर्षी जमा झाली. हिशेबाच्या दृष्टीने तूट राहिली नाही. व्याज मात्र त्या घराने भरले.

एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे. परंतु शब्दांचा हा क्रम जे सुचवितो ते नाकारता येत नाही. १८५१ मध्ये 'कशासाठी' सुधारले. १८८२ ची मागणी १९४४ व १९६० मध्ये काही अंशी पुरी होऊन 'कोणास' सुधारले. 'केव्हा' अद्याप उरले आहे. पेशव्यांची दक्षिणा अन्यायाची होती, पण ती श्रावणात मिळणार हे घेणाऱ्यास ठाऊक असे. प्रवेशाच्या दिवशी हाती पडते तीच वृत्ती. वर्षाने येते ती केवळ परतफेड.