मळसूत्रातील मोकळीक

विहिरीवरच्या रहाटाला थोडा खेळ असला तरी पाणी वर येते. बैलगाडीच्या आसाला थोडी ढिलाई असली तरी गाडी मुक्कामाला पोहोचते. परंतु धातू कापून त्याला नेमका आकार देणाऱ्या यंत्रात केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ढिलाईही खपत नाही. ही ढिलाई नाहीशी करण्याचा प्रयत्न दीड शतकाहून अधिक काळ चालला, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ लंडनमधील हेन्री मॉडस्ले याच्यापासून करावा लागतो. इ. स. १८००च्या सुमारास त्याने अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. तोवर बहुतेक मळसूत्रे हातांनीच घडत आणि एका बोल्टाची चाकी दुसऱ्यास बसेलच याचा भरवसा नसे. आता मळसूत्र हे यंत्राचे हत्यार पुढे सरकविणारे आणि अंतर मोजणारे साधन झाले. पुढे १८६२ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे जोसेफ ब्राऊन याने सार्वत्रिक मिलिंग यंत्र तयार केले. ड्रिलवरील नागमोडी खाचा तोवर कारागीर कानशीने घाशीत. ते काम या यंत्राने उचलले.

तथापि मळसूत्राच्या अंगी एक जन्मजात दोष होता. नट फिरावयाचा तर त्याच्या आणि मळसूत्राच्या आट्यांत थोडी फट हवीच. हातचाक उलट दिशेला फिरविले की आधी ती फट भरून निघते आणि मगच टेबल हलते. चाक फिरले, टेबल मात्र जागीच! कुशल कारागीर हा दोष जाणून असे. तो प्रत्येक माप एकाच बाजूने गाठी. मिलिंगमध्ये धोका आणखी मोठा होता. फिरत्या कटरच्या दात्यांची आणि टेबलाची दिशा एकच असली, की कटर त्या फटीइतके टेबल एकदम आपल्याकडे ओढून घेई; दाते तुटत, काम बिघडे. म्हणून कारागीर दीर्घ काळ कटरच्या विरुद्ध दिशेनेच काम सरकवीत राहिले.

या दोषावरचा उपाय यंत्रशाळेत नव्हे, रस्त्यावर वाढत होता. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप वॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. परंतु एकसारख्या गोळ्या विपुल प्रमाणात मिळेनात, तोवर ही कल्पना फारशी फळली नाही. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने पोलादी गोळ्या एकाच मापात घासणारे यंत्र बनविले, आणि सायकलीच्या चाकांतून हे छर्रे जगभर पोहोचले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातही १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या दुकानानेच झाली, हे येथे सहज आठवते.

मळसूत्र आणि नट यांच्या खोबणीत छर्रे भरावेत, म्हणजे घासण्याऐवजी लोळण घडेल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटंटात आली होती. तिचा मोठा उपयोग प्रथम १९४०च्या सुमारास अमेरिकन मोटारींच्या सुकाणूत झाला. पुढे १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, आणि ढिलाईचा प्रश्न निकराला आला. हातचाकावरचा माणूस दूर झाला. आता फट ओळखून सावरणार कोण? पुढील दशकांत अशा यंत्रांतून बॉल स्क्रू रूढ झाला.

पण नुसते मळसूत्र निर्दोष असून भागत नाही. ते ज्या बेअरिंगांत फिरते तीही पक्की हवीत. छर्रा आणि कडे यांचा स्पर्श प्रारंभी अगदी बिंदूएवढा असतो. म्हणून पहिला थोडासा भारही त्यांना तुलनेने अधिक दाबतो. हा मऊपणा काम सुरू होण्यापूर्वीच काढून टाकावयाचा, यालाच प्रीलोड म्हणतात. त्यासाठी तिरकस भार घेणारी दोन बेअरिंगे पाठीला पाठ लावून बसवितात. त्यांची आतली कडी कारखान्यातच अशी घासलेली असतात, की त्यांच्यात अत्यंत बारीक फट उरते. लॉकनट ठरावीक जोराने आवळला की ती फट मिटते आणि छर्रे दोन्ही बाजूंनी चेपले जातात. मग मळसूत्र पुढे ढकला वा मागे ओढा, मोकळी जागा उरत नाही.

मात्र अति तेथे माती. नट गरजेपेक्षा अधिक आवळला, तर बेअरिंग तापते आणि अकाली झिजते. कमी आवळला, तर जुना दोष परत येतो. शिवाय एक मीटर लांबीचे पोलादी मळसूत्र एका सेल्सियस अंशाने तापले की सुमारे ११ ते १२ मायक्रॉनने वाढते. यास्तव पुष्कळदा त्याचे एक टोक पक्के धरून दुसऱ्यास सरकण्याची मुभा ठेवतात.

जुन्या कारागिराच्या मनगटातील शहाणपण अशा रीतीने पोलादी कड्यांत उतरले. तरी बेअरिंग बसविताना धुळीचा कण पुसणारा आणि पान्याचा जोर जोखणारा माणूस आजही लागतोच. तो चुकला, तर एवढ्या पिढ्यांनी मिटविलेली फट त्याच्या हातून पुन्हा उघडते.