आकाशांतली डाक

'हौशी' या शब्दावर आपल्याकडे उगीच अन्याय झाला आहे. धंदेवाईक नाटक मंडळी ती खरी, आणि हौशी नाटकवाले म्हणजे दिवसा कचेरींत बसून रात्रीं तोंडास रंग लावणारे, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. ती अजून पुरती गेली आहे असें म्हणवत नाहीं. वास्तविक पोटाकरितां न शिकलेला मनुष्य कांहीं वेळां असें काम करून जातो कीं, पगारी मनुष्यास तें सुचतहि नाहीं. कारण तें करण्याची त्यास आज्ञा झालेली नसते. कृत्रिम उपग्रहांशीं हौशी लोकांनीं चालविलेल्या बिनतारी व्यवहाराचा इतिहास पाहिला म्हणजे याचें प्रत्यंतर येतें.

आपल्या प्रांतापुरता या हौसेचा आरंभ मुंबईस झाला. सन १९२३ च्या जून महिन्यांत मुंबईच्या रेडिओ क्लबनें ध्वनिक्षेपण सुरू केलें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र त्यानंतर चार वर्षांनीं, १९२७ च्या जुलैंत निघालें. म्हणजे हौशी पुढें आणि कंपनी मागें. नंतर १९३३ चा बिनतारी कायदा आला व परवान्यावांचून असें यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाहि गुन्हा ठरला. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी प्रेषकांचे परवानेहि काढून घेण्यांत आले. सरकारची ही भीति अगदींच निराधार नव्हती, हें १९४२ च्या ऑगस्टांत दिसून आलें. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत जें गुप्त काँग्रेस रेडिओ चालविलें, त्याची लहर ४२.३४ मीटरांची होती. आणि ही लांबी हौशी लोकांच्या चाळीस मीटरांच्या पट्ट्यांतच पडते. हें केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलीत बदलीत, चाललें. राज्यकर्त्यांचा हा संशय स्वराज्यांतहि एकदम गेला नाहीं, आणि आजहि परीक्षा व परवाना यांवांचून कोणास प्रेषण करतां येत नाहीं. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. लहरींचें रान मोकळें सोडलें तर तेथें कोणाचेंच बोलणें कोणास ऐकूं येणार नाहीं.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला उपग्रह सोडला. त्याचा 'बीप् बीप्' असा आवाज सुमारे २० मेगाहर्ट्झवर येत होता. हौशी लोकांच्या ग्राहकयंत्रांस ही जागा चांगली ओळखीची असल्यामुळें जगांतील शेंकडों घरांत तो ऐकिला गेला. ऐकून समाधान झालें असतें तर ते हौशी कसले? अवघ्या चार वर्षांत, १२ डिसेंबर १९६१ रोजीं, अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं आपला स्वतःचा उपग्रह आकाशांत धाडला. त्याचें नांव ऑस्कर. वजन साडेचार किलो. दुसऱ्याच एका मोठ्या उपग्रहाच्या अग्निबाणावर भार म्हणून जें ओझें ठेवावयाचें, त्याच्या जागीं हा बसविण्यांत आला. बोलावयाचा तो मोर्सच्या संकेतांत दोनच अक्षरें: चार ठिपके, मग दोन ठिपके. इंग्रजींत तीं 'हाय' अशीं वाचतात, आणि हौशी तारायंत्रवाल्यांच्या बोलींत त्यांचा अर्थ हसणें असा होतो. पण हें हसणें निरर्थक नव्हतें. पेटीच्या आंतील उष्णतामान बदललें कीं हसण्याची गति बदलावी अशी योजना होती. म्हणून घड्याळ घेऊन बसलेल्या कोणासहि आकाशांतील त्या पेटीचा ताप मोजतां येत असे. बावीस दिवसांनीं विद्युत्घट संपला. तेवढ्या अवधींत २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी श्रोत्यांनीं आपलीं टिपणें पाठविलीं. तीं पाठविण्याचा कोणासहि हुकूम झालेला नव्हता.

हें ऐकणें म्हणजे प्रत्यक्ष काय, तें समजण्यासाठीं एखादें ठिकाण धरून हिशेब केलेला बरा. आपण जालना धरूं. समुद्र दूर, डोंगर बेताचे, आणि मराठी मुलुखाच्या बऱ्याच मध्यावरचें गांव. उपग्रह पांचशें किलोमीटर उंचीवर आहे असें समजा. जालन्याच्या क्षितिजावर तो येतो तेव्हां तो प्रत्यक्षांत सुमारें चोवीसशें किलोमीटर दूरच्या भूमीवर असतो. म्हणजे दक्षिणेस विषुववृत्त आणि उत्तरेस काश्गर एवढ्या पट्ट्यांत तो कोठेंहि असला तरी जालन्याच्या गच्चीवरून त्याच्याशीं गांठ पडूं शकते. डोक्यावरून सरळ गेला तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत त्यास अकरा-साडेअकरा मिनिटें पुरतात; कडेनें गेला तर याहून थोडीं. शिवाय त्याचा वेग सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक. मनमाडकडून येणारी गाडी शिटी देत जालना स्टेशनांतून न थांबतां निघून गेली, तर फलाटावर उभ्या असलेल्यास ती शिटी येतांना चढी व जातांना उतरती ऐकूं येते. तोच प्रकार येथें घडतो. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आवाज येतांना सुमारें दहा किलोहर्ट्झ वर आणि जातांना तितकाच खालीं सरकतो; एका हातानें यंत्राची कळ फिरवीत तो धरून ठेवावा लागतो. दुसऱ्या हातांत आकाशिका. ती मोठी लागत नाहीं. लांकडाच्या अगर प्लॅस्टिकच्या दांड्यावर ठराविक अंतरानें ॲल्युमिनियमच्या काड्या बसविल्या कीं झालें. या लहरींसाठीं एकेक काडी हातभरहि लांब नसते. पुणें जिल्ह्यांत आर्वी येथें १९७२ सालीं राष्ट्रास अर्पण झालेल्या विक्रम भूकेंद्राची तबकडी सुमारें तीस मीटर व्यासाची होती. तिच्याशेजारीं हीं काड्यांचीं आयुधें पोरखेळच वाटावयाचीं. पण आर्वीची तबकडी परदेशच्या टेलिफोनांसाठीं होती, आणि तिचा संबंध ठरलेल्या उपग्रहाशीं व ठरलेल्या कामाशीं. काड्यांच्या आकाशिकेस असें बंधन नाहीं. ती कोठेंहि वळते.

आणि ती भलतीकडे वळली म्हणजे काय होतें, याची एक हकीकत मला नेहमीं चकित करते. १५ नोव्हेंबर १९७४ रोजीं हौशी मंडळींचा सातवा ऑस्कर आकाशांत गेला. १९८१ च्या सुमारास त्याचे विद्युत्घट निकामी झाले व तो मुका झाला. मेलेल्या उपग्रहाचें कोणी काय करणार? एकवीस वर्षें लोटलीं. २१ जून २००२ रोजीं इंग्लंडांतील एका हौशी श्रोत्याच्या यंत्रांत ओळखीचा आवाज आला. तो सातव्या ऑस्करचा होता. घटांत जो विद्युतमार्ग आंतल्या आंत जोडला जाऊन सारी शक्ति गिळीत होता, तो तुटला होता; त्यामुळें सूर्यपत्र्यांची वीज थेट यंत्रास मिळूं लागली होती. तेव्हांपासून हा उपग्रह उन्हांत आला कीं बोलूं लागे, आणि पृथ्वीच्या सावलींत शिरला कीं गप्प होई. हें ऐकण्यास कोणी पगारी मनुष्य नेमलेला नव्हता, आणि नेमला असता तरी वीस वर्षें शांत असलेल्या जागेवर त्यानें कान कां लावावा? २००५ मध्यें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेचा 'इमेज' हा उपग्रह असाच हरवला होता. २०१८ च्या जानेवारींत त्याचा सुगावा लागला तोहि कॅनडांतील एका हौशी श्रोत्यास.

आपल्या देशानें या कामांत उडी घेतली ती ५ मे २००५ रोजीं. त्याच्या आदल्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमानचें दळणवळण तोडलें, तेव्हां तेथें योगायोगानें हजर असलेल्या हौशी बिनतारीवाल्यांनीं बातम्या बाहेर पोंचविल्या होत्या. त्यामुळें या लोकांकडे पाहण्याची दृष्टि पुष्कळ निवळली होती. इस्रोनें 'हॅमसॅट' हा ४२.५ किलोचा उपग्रह खास हौशी लोकांकरितां सोडला. त्यांत दोन प्रतिप्रेषक होते, एक आपल्याकडे केलेला व दुसरा नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्यानें बनविलेला. नऊ वर्षें सेवा करून २०१४ च्या जुलैंत तो थांबला.

मराठी मुलुखाचा खरा वांटा मात्र २०१६ सालचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं अनेक वर्षें खपून 'स्वयम्' नांवाचा उपग्रह केला. दहा सेंटिमीटरांचा घन. वजन एका किलोच्या आंतबाहेर. २२ जून रोजीं श्रीहरिकोट्याहून तो आणखी १९ उपग्रहांबरोबर वर गेला. त्याचा बेत पाहण्यासारखा आहे. आकाशांत उपग्रहास दिशा धरून राहावयाचें तर बहुधा वीज खर्चावी लागते. या मुलांनीं आंत चुंबक बसवून होकायंत्राच्या सुईप्रमाणें पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशींच त्याची गांठ घातली. आणि काम कोणतें, तर डाकेचें! एका ठिकाणच्या हौशी प्रेषकानें चार ओळी वर धाडाव्या, उपग्रहानें त्या पोटांत ठेवून जग फिरावें, आणि दूरच्या दुसऱ्या हौशी मनुष्यानें मागितल्यावर त्यास द्याव्या. जेथें ना तार, ना मनोरा, तेथेंहि ही डाक पोंचावी. जांबेच्या एखाद्या मळ्यांतून निघालेला मजकूर असा आर्क्टिक समुद्राकांठीं उतरावयास हरकत नव्हती.

त्याच वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं पवईच्या आय. आय. टी. चा 'प्रथम' गेला. तो दहाएक किलोचा. त्याचे आवाज हौशी पट्ट्यांत, १४५ व ४३७ मेगाहर्ट्झवर. वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांतून खालीं येतांना लहरींची पातळी किती वळते हें मोजून त्या थरांतील इलेक्ट्रॉनांची गणना करावयाची. हें मोजमाप एका जागीं होण्यासारखें नव्हतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं इतर महाविद्यालयांस आपापल्या गच्चीवर लहान केंद्रें उभारावयास सांगितलें. मला विचाराल तर उपग्रहापेक्षां ही मागणी अधिक मोलाची होती. उपग्रह सोडण्याचा समारंभ होतो, छायाचित्रें निघतात, आणि तीं मुलें पदवी घेऊन निघून जातात. ऐकणाराची परंपरा समारंभानें पडत नाहीं. स्वयम् हें डाकघर होतें खरें. पण ज्या तालुक्यांत पत्र लिहिणारा नाहीं व घेणाराहि नाहीं, तेथें डाकघर डोक्यावरून दिवसांतून अनेकदां गेलें काय किंवा न गेलें काय! पुण्यामुंबईच्या बुद्धीविषयीं शंका नाहीं. प्रश्न मराठवाड्यांतील गच्च्यांचा आहे. ज्या गांवांत सळया ओतल्या जातात, तेथें आठ-दहा काड्यांची आकाशिका होऊं नये, हें कारण सामानाचें खास नव्हे.

असो. अंतराळस्थानकावर पहिली तुकडी गेली त्याच वर्षीं, म्हणजे २००० मध्यें, तेथें हौशी बिनतारी यंत्र बसलें. ४ जुलै २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला यांनीं तेथून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशीं संभाषण केलें, तें हौशी बिनतारीनेंच. स्थानकावरील अंतराळवीरांचा शाळांतील मुलांशीं बोलतांनाचा आवाज बहुधा १४५.८०० मेगाहर्ट्झवर खालीं येतो, आणि तो ऐकण्यास अकरा काड्याहि लागत नाहींत. साध्या यंत्रावर, स्थानक माथ्यावरून जातांना, तो जालन्यास स्पष्ट ऐकूं येण्याइतका मोठा असतो.