पिठाचा कोंबडा



सुनेने मुगाचं बाटलीतलं ‘अंडं’ आणलं. भुर्जी झाली, आणि मला यशोधर राजा आठवला. सोमदेवसूरींच्या इ.स. 959 मधल्या ‘यशस्तिलका’त उज्जैनचा हा राजा आई चंद्रमतीच्या हट्टापायी देवीपुढे पिठाचा कोंबडा कापतो, मांस मानून खातो. जीव कुणाचाच गेला नाही. तरी मायलेकांना मोर, कुत्रा असे जन्म घ्यावे लागले. मारण्याचा भाव खरा होता ना! त्याच शतकात पुष्पदंतांनी मान्यखेटला ही कथा अपभ्रंशात लिहिली.

आमच्या भुर्जीत कसला भाव? सुनेला प्रथिनं हवी होती, एवढंच. पण नातू म्हणाला, “आजी, अगदी अंड्यासारखं!”

ती चव त्याला कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. उरलेल्याची धिरडी घातली.