छद्दन्त जातक

छद्दन्त जातक ही पाली जातकसंग्रहातील ५१४ व्या क्रमांकाची कथा आहे. ५४७ कथांच्या या संग्रहात बोधिसत्त्वाच्या, म्हणजे गौतम बुद्धांच्या पूर्वजन्मांतील, कथा आहेत. प्रस्तुत कथेत बोधिसत्त्व हा हत्तींचा राजा आहे. ‘छद्दन्त’ या पाली शब्दाचा अर्थ ‘सहा दात असलेला’ असा होतो. क्षमा आणि दान हे कथेचे मुख्य विषय आहेत.

कथानक

हिमालयातील छद्दन्त सरोवराकाठी गजराज आपल्या कळपासह राहत असे. महासुभद्दा आणि चुल्लसुभद्दा या त्याच्या दोन राण्या होत्या. एकदा त्याने फुललेल्या शालवृक्षाला धडक दिली. तेव्हा महासुभद्देवर फुले पडली, तर चुल्लसुभद्देवर वाळक्या काटक्या, पाने आणि तांबड्या मुंग्या पडल्या. हे वाऱ्याच्या दिशेमुळे घडले होते. परंतु तिने तो आपला अपमान मानला. पुढे मिळालेले कमळही राजाने महासुभद्देला दिल्याने तिचा आकस वाढला. सूड घेण्याची इच्छा मनात धरून तिने अन्नत्याग केला व प्राण सोडला.

पुढील जन्मी ती वाराणसीच्या राजाची पट्टराणी झाली. आजाराचे सोंग घेऊन तिने गजराजाचे सुळे मागितले. त्या कामी सोणुत्तर नावाच्या व्याधाची निवड झाली. त्याने काषाय वस्त्र पांघरले, खड्ड्यात दडून विषारी बाण मारला. गजराज त्याला ठार करणार होता. परंतु काषाय वस्त्र दिसताच त्याने स्वतःला आवरले. कारण समजल्यावर त्याने सुळे देऊ केले. व्याधाला ते कापता येईनात, तेव्हा गजराजाने सोंडेत करवत धरून स्वतःच ते कापले आणि प्राण सोडला. सुळे पाहताच राणीला पूर्वीच्या पतीची आठवण झाली. तो शोक सहन न होऊन तिचाही मृत्यू झाला.

बुद्धांनी ही कथा जेतवनात एका तरुण भिक्खुणीच्या निमित्ताने सांगितली, असे प्रास्ताविकात म्हटले आहे. चुल्लसुभद्दा म्हणजे ती भिक्खुणी, सोणुत्तर म्हणजे देवदत्त आणि गजराज म्हणजे स्वतः बुद्ध, असा संबंध अखेरीस जोडला आहे.

बोध

कथेत राणीला कोणीही शिक्षा करीत नाही. तिची इच्छा पूर्ण होते आणि तीच तिच्या नाशाला कारण ठरते. वैराचे मूळही खऱ्या अन्यायात नसून गैरसमजात आहे. गजराजाजवळ बळ असूनही तो ते वापरत नाही, म्हणून त्याची क्षमा दुर्बलाची ठरत नाही. चित्त शुद्ध नसलेला मनुष्य काषाय वस्त्रास पात्र नसतो, या अर्थाच्या त्याच्या तोंडच्या गाथा धम्मपदातही (गाथा ९ व १०) आढळतात.

शिल्प आणि चित्रे

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील भारहुत येथील शिल्पात गुडघे टेकलेला हत्ती आणि त्याचे सुळे कापणारा व्याध दिसतो. सांची येथील पहिल्या स्तूपाच्या तोरणांवरही ही कथा कोरलेली आहे. महाराष्ट्रात अजिंठा येथील क्रमांक १० आणि १७ च्या लेण्यांत ती चित्रित आहे. दहाव्या लेण्यातील चित्राची बरीच हानी झाली असली, तरी त्यात सुळे पाहून मूर्च्छित होणारी राणी दाखविली आहे.

मराठी अनुवाद

दुर्गा भागवत यांनी पाली जातककथांचा मराठी अनुवाद ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने केला आहे.